फॅफ्सामध्ये पालकांचा टॅक्स डेटा येत नाहीये? १०४० उघडायच्या आधी हे बघा

फॅफ्सा म्हणजे अमेरिकेत कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मागायचा फॉर्म, आणि दर सीझनला तेच चालू होतं. आईचं अकाउंट व्हेरिफाय होत नाहीये, बाबांना इन्व्हाइट गेलं पण त्यांच्या लॉगिनमध्ये फॉर्मच दिसत नाही, आयआरएसकडून (अमेरिकेचं इन्कम टॅक्स खातं) काहीच आलं नाही आणि सगळे आकडे हाताने भरा म्हणतोय, नाहीतर सगळं नीट सबमिट झालं असं वाटून निवांत बसलेलो आणि मग स्टेटस 'ॲक्शन रिक्वायर्ड'. आणि अशा वेळी आपले लोक काय करतात तर १०४० ची, म्हणजे अमेरिकेतल्या टॅक्स रिटर्नची, पीडीएफ उघडून आकडे पुन्हा पुन्हा जुळवत बसतात, सीपीएला, म्हणजे टॅक्सवाल्या अकाउंटंटला फोन, रिटर्न भरून देणाऱ्या एच अँड आर ब्लॉकवाल्याला फोन. अहो, आकड्यांचा बऱ्याचदा काही संबंधच नसतो! अडतं ते नावात, जन्मतारखेत, कुठला पालक घेतला त्यात, आणि त्या वर्षी रिटर्न कुठल्या स्टेटसने भरलं होतं त्यात. म्हणून मी त्याच अंगाने लिहिते, आकडे नंतर.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. फॅफ्सा कामाचा आहे तो मुलगा किंवा मुलगी सिटिझन असेल किंवा ग्रीन कार्डवर असेल तर. पालक एच-वन (नोकरीचा व्हिसा) वर आहेत का, ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत का, आई एच-फोर (एच-वन वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वर आहे का, याने मुलाच्या पात्रतेला फरक पडत नाही. पण मूल स्वतःच एच-फोर किंवा एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) वर असेल तर फेडरल एड नाही, त्यांनी सरळ शेवटी सीएसएस प्रोफाइलचं लिहिलंय तिथे जा.

आता हे मुळात चालतं कसं ते दोन मिनिटांत, कारण हे माहीत नसलं की पुढचं सगळं जादूटोणा वाटतं. पूर्वी डेटा रिट्रीव्हल टूल होतं, बटण दाबलं तर आकडे यायचे, नाही दाबलं तरी चालायचं. २०१९ च्या फ्युचर ॲक्टने हे बदललं आणि २०२४-२५ च्या फॉर्मपासून अमेरिकेचं शिक्षण खातं आयआरएसकडून थेट माहिती घेतं. त्यासाठी फॉर्ममधल्या प्रत्येक 'कॉन्ट्रिब्युटर'ने, म्हणजे विद्यार्थी आणि जो जो पालक लागतो त्याने, स्वतःच्या लॉगिनने कन्सेंट द्यायचा. तो दिला नाही तर फेडरल एड शून्य, मग बाकीचा फॉर्म कितीही सुंदर भरलेला असो. आणि इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात ते असं की 'मी तर रिटर्नच भरलं नव्हतं, मग कन्सेंट कशाला', 'मुलाला काही इन्कमच नाही', 'नवरा तर पुण्यात असतो, त्याचा आयआरएसशी काय संबंध'. काही संबंध नसला तरी कन्सेंट लागतो. दरवर्षी नव्याने लागतो, मागच्या वर्षी दिला होता म्हणून चालत नाही. आणि कन्सेंट म्हणजे तुम्ही मुलाच्या कर्जाला जामीन राहिलात असं अजिबात नाही, ही भीती बऱ्याच बाबांना असते.

अजून एक, कन्सेंट वेगळा आणि सही वेगळी. कन्सेंट सुरुवातीला, सही शेवटी. एक केलं आणि दुसरं राहिलं की तो फॉर्म लटकतो.

आणि हो, आयआरएसकडून आलेले आकडे तुम्हाला दिसत नाहीत. ना फॉर्ममध्ये, ना नंतरच्या सबमिशन समरीत. नुसतं माहिती आयआरएसकडून आली एवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळे 'आमचे आकडे रिकामे दिसतायत, आता काय' म्हणून घाबरू नका, ते तसंच असतं.

कुठल्या वर्षाचं रिटर्न? दोन वर्षं मागचं. २०२६-२७ च्या फॉर्मला २०२४ चं. नुकतंच भरलेलं २०२५ चं रिटर्न हातात घेऊन बसू नका.

कोणाला कॉन्ट्रिब्युटर करायचं

माझ्या मते अर्धी डोकेदुखी इथेच वाचते. आईबाबांचं लग्न टिकून आहे आणि त्या वर्षी रिटर्न जॉइंट, म्हणजे दोघांचं मिळून एकच, भरलं होतं, तर कॉन्ट्रिब्युटर म्हणून एकच पालक पुरतो. एकच! दुसऱ्याची जुजबी माहिती त्याच पालकाच्या भागात भरायची, त्याला अकाउंट नको, कन्सेंट नको, सही नको. आता आपल्याकडे कितीतरी घरांत आई एच-फोर वर, तिला सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख नंबर, पुढे नुसतं 'सोशल') नाही, जॉइंट रिटर्नसाठी काढलेला आयटिन नंबर (सोशल नसलेल्यांचा टॅक्सपुरता नंबर) तेवढा आहे, आणि मुलं मात्र हौसेने आईलाच इन्व्हाइट पाठवतात कारण फॉर्मबिर्म आईच बघते. मग तिचं अकाउंट सोशलशिवाय काढा, ओळख पटवा, आकडे हाताने भरा, सगळा वनवास. त्यापेक्षा ज्याच्याकडे सोशल आहे त्याला इन्व्हाइट करा, लॉगिनला शेजारी आई बसू दे.

मॅरीड फायलिंग सेपरेट, म्हणजे नवराबायकोने वेगवेगळं रिटर्न भरलं, असेल तर मात्र दोघंही लागतात, दोन वेगळी अकाउंटं, दोन कन्सेंट. मधल्या काळात लग्न झालं, मोडलं, किंवा आजचं वैवाहिक स्टेटस आणि त्या वर्षीच्या रिटर्नवरचं स्टेटस जुळत नाही, तर फॉर्म जास्त प्रश्न विचारतो, ते चिडून भराभर क्लिक न करता नीट वाचा. घटस्फोट झालेला असेल तर आता निकष 'मूल कोणाकडे राहतं' हा नाही, गेल्या बारा महिन्यांत पैशाचा जास्त भार कोणी उचलला हा आहे, आणि त्या पालकाने दुसरं लग्न केलं असेल तर नवीन जोडीदाराचं उत्पन्नही धरतात, आवडो न आवडो.

एक खास आपला प्रकार. नवरा किंवा बायको भारतात, इथला पालक हेड ऑफ हाउसहोल्ड (एकट्याने घर चालवणाऱ्याचं टॅक्स स्टेटस) म्हणून रिटर्न भरतो. टॅक्सच्या नियमात जोडीदार नॉनरेसिडेंट असेल आणि बाकीच्या अटी बसत असतील तर हे चालू शकतं. पण फॅफ्सामध्ये तुम्ही 'विवाहित' लिहिणार आणि रिटर्न हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणणार, ही विसंगती दिसली की कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला ती सोडवावीच लागते, ते पत्र पाठवणार म्हणजे पाठवणार. घाबरू नका, जोडीदार नॉनरेसिडेंट आहे एवढं स्पष्ट लिहून कागद जोडून द्या. आणि अशा घरात भारतातला पालकही कॉन्ट्रिब्युटर होतो हे लक्षात असू द्या.

नाव, तारीख, आणि आपले दाखले

अकाउंट काढलं की ते नाव, जन्मतारीख आणि सोशल नंबर सोशल सिक्युरिटीच्या रेकॉर्डशी ताडून बघतात. ते जुळलं नाही की कन्सेंट दिला तरी आयआरएसकडून काही येत नाही. आता आपल्या नावांचं काय होतं बघा. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये 'सुनीता प्रकाश' असं नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव चिकटलेलं असतं, सोशलच्या कार्डावर कधी ते मिडल नेम झालेलं असतं, कधी पहिल्या नावाचाच भाग, बँकेत तिसरंच, आणि रिटर्नवर सीपीएने जे सोपं वाटलं ते टाकलेलं. बायकांचं तर विचारूच नका, लग्नानंतर आडनाव बदललं, काहींचं तर नावही बदललं, पासपोर्ट नवीन झाला पण सोशलच्या ऑफिसला कोणी गेलंच नाही, तिथे अजून माहेरचंच आडनाव आहे. त्यामुळे आठवणीवर जाऊ नका, ड्रॉवरमधून सोशलचं कार्ड बाहेर काढा आणि त्यावर जसं आहे तसंच, स्पेस, हायफन सगळं तसंच्या तसं टाका. कार्डावरचंच चुकीचं असेल तर आधी सोशलच्या ऑफिसमधून एसएस-फाइव्ह फॉर्म भरून ते दुरुस्त करा आणि मग स्टुडंटएडच्या, म्हणजे फॅफ्सा भरायच्या साइटच्या, अकाउंटमध्ये बदला, उलट क्रमाने केलं तर काही उपयोग नाही.

तारखेची गंमत वेगळीच. इथे आधी महिना मग दिवस, आणि आपला हात आधी दिवस टाकायला जातो. ५ ऑगस्ट आणि ८ मे मध्ये गल्लत झाली तर फॉर्मला कळणार कसं, दोन्ही तारखा खऱ्याच आहेत! २५ तारखेवाले सुटतात, कारण पंचविसावा महिना नसतो. आणि ज्यांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावली त्यांनी इथेही १ जूनच लावायची, कारण पासपोर्टवर तीच आणि सोशलवरही तीच, घरी वाढदिवस दिवाळीत का करत असेनात.

इन्व्हाइट केलेल्या पालकाला फॉर्म दिसत नसेल तर कारण बहुतेक असं असतं की मुलाने टाकलेली माहिती आणि पालकाच्या अकाउंटमधली माहिती वेगळी आहे. जुन्या फॉर्मांमध्ये तर नाव, तारीख, पत्ता सगळं जुळावं लागायचं. २०२६-२७ पासून पालकाचा ईमेल टाकून इन्व्हाइट जातं आणि एक कोडही मिळतो, त्यामुळे हा भाग बराच सुधारलाय. तरीही ईमेल आला नाही तर आधी स्पॅम बघा आणि मग कोड वापरून आत जा, नवीन फॉर्म सुरू करू नका.

आणि नवीन फॉर्म सुरू करण्यावरून, एक चूक फार होते. बाबा उत्साहाने स्वतःच्या लॉगिनने आत जातात आणि 'मी विद्यार्थी' निवडतात. झालं, आता बाबा कॉलेजला निघाले. आत गेल्यावर पहिल्याच स्क्रीनवर भूमिका विचारतो तिथे थांबून वाचा. तसंच एकाच ईमेलवर किंवा एकाच मोबाइल नंबरवर दोन अकाउंटं होत नाहीत, आपल्याकडे सगळ्या घराचा एकच जीमेल असतो म्हणून मुद्दाम सांगतेय.

सोशलच नाही असा पालक

जॉइंट रिटर्नने सुटका होत नसेल तर सोशल नंबर नाही असं टिक करून अकाउंट काढता येतं. २०२४ च्या सुरुवातीला हे अगदी बंदच पडलं होतं आणि हजारो मुलं अडकून बसली होती, आता तसं नाही. ओळख पटवायला क्रेडिट हिस्टरीवरचे प्रश्न येतात, आता ज्या माणसाने अमेरिकेत कधी गाडीचं लोन घेतलं नाही त्याला काय कप्पाळ उत्तरं येणार. ते नाही जमलं तर ओळखपत्राची कॉपी आणि सही केलेला फॉर्म ईमेलने पाठवायचा मार्ग आहे, त्याला वेळ लागतो, म्हणून कॉलेजच्या डेडलाइनच्या आदल्या आठवड्यात हे काढू नका. भारतात असलेल्या पालकाने टू-स्टेप साठी (लॉगिनला लागणारा कोड मिळवायला) ईमेल किंवा ऑथेंटिकेटर ॲप घ्यावं, भारतीय मोबाइलवर मेसेज येईल या भरवशावर राहू नये. आणि आयटिन नंबर सोशलच्या रकान्यात चुकूनही टाकू नका, तो सोशल नाही.

हाताने भरावं लागलं तर

असं कधी होतं? ओळख जुळली नाही तर, भारतात रिटर्न भरलंय तर, वैवाहिक स्टेटस बदललंय तर, किंवा रिटर्न इतक्यातच भरलं असेल तर. ई-फाइल केलेलं रिटर्न आयआरएसकडे दिसायला दोनतीन आठवडे धरा, कागदी असेल तर त्याहून बरेच जास्त. उशिरा रिटर्न भरणाऱ्यांनो, एक्सटेन्शन (रिटर्नची वाढीव मुदत) घेतलं असलं तरी फॅफ्सा तुमच्यासाठी थांबत नाही.

हाताने भरताना दोन जागा सांभाळा, बाकीचं फॉर्ममध्ये ओळ नंबरासकट लिहिलेलं असतं. पहिली, ॲडजस्टेड ग्रॉस इन्कम म्हणजे २०२४ च्या १०४० वरची ओळ ११, पगाराची बेरीज नाही, डब्ल्यू-टू (कंपनीने दिलेला पगार-टॅक्सचा दाखला) वरचा आकडा नाही. दुसरी म्हणजे टॅक्स. इथे लोक डब्ल्यू-टू वर कापलेला टॅक्स टाकतात किंवा रिफंड वजा करून काहीतरी टाकतात, तसं नाही, १०४० वर हिशोबाने आलेला टॅक्स हवा, आणि तो ओळ २२ पासून सुरू होतो.

आता रोलओव्हर, कारण इथे पैशाचा खराखुरा फटका बसतो. नोकरी बदलली, जुन्या कंपनीचं ४०१के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) उचलून आयआरएमध्ये (स्वतःचं निवृत्तीचं खातं) टाकलं, हाच रोलओव्हर. हातात एक डॉलर आला नाही पण १०४० वर ती सगळी रक्कम पेन्शनच्या ओळीत दिसते आणि टॅक्सेबल भाग शून्य. फॅफ्साच्या हिशोबात या दोघांमधला फरक म्हणजे टॅक्स न लागलेलं उत्पन्न. ऐंशी हजारांचं ४०१के हलवलं तर त्या वर्षी तुम्ही ऐंशी हजार जास्त कमावले असं दिसणार! त्यासाठी रोलओव्हरची रक्कम फॉर्म वेगळी विचारतो, तिथे ती टाकायची म्हणजे वजा होते. आयआरएसकडून डेटा आपोआप आला असला तरी हा प्रश्न आला तर पुढे ढकलून जाऊ नका, आयआरएसला काय माहीत ते रोलओव्हर होतं की तुम्ही खर्च केलं. आणि सबमिट झाल्यावर स्टुडंट एड इंडेक्स (मदत ठरवायला फॅफ्सा काढतो तो आकडा) अचाट मोठा आला तर मी पहिला संशय यावरच घेईन. कॉलेजला १०९९-आर (निवृत्तीच्या खात्यातून पैसे निघाल्याचा दाखला) आणि नवीन खात्याचं स्टेटमेंट दाखवलं की दुरुस्त करतात.

दुरुस्त रिटर्न, म्हणजे १०४०-एक्स भरलं असेल तर मूळ रिटर्नचेच आकडे जाऊ शकतात. त्याची कॉपी आपणहून कॉलेजला द्या.

भारतातलं उत्पन्न

एक पालक भारतात नोकरी करतो आणि तिथेच आयटीआर भरतो, अशा घरांसाठी. फॉर्ममध्ये परदेशी रिटर्न भरलं असं निवडायचं आणि आकडे डॉलरमध्ये करून हाताने भरायचे, फॉर्म भरताना जो रेट आहे त्या रेटने. गोंधळ होतो तो वर्षाचा. इथे २०२४ म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. नियम असा की ज्या आर्थिक वर्षाचे जास्त महिने त्या कॅलेंडर वर्षात पडतात ते घ्यायचं. म्हणजे २०२४ साठी आर्थिक वर्ष २०२४-२५, नऊ महिने त्यातले. आणि ते रिटर्न आयटीआरवर असेसमेंट इयर २०२५-२६ म्हणून छापलेलं असतं, ते बघून 'हे तर पुढचं वर्ष' म्हणून बाजूला ठेवू नका, तेच हवंय. कॉलेजने कागद मागितले तर आयटीआर आणि फॉर्म १६ दोन्ही द्या, सोबत रुपयाचा हिशोब एका पानावर इंग्रजीत मांडून. समोरच्या ऑफिसरला लाख आणि कोटीचे स्वल्पविराम कळत नाहीत, १२,५०,००० बघून तो गोंधळतो, त्याला १,२५०,००० असंच लिहून द्या.

मालमत्तेचं थोडक्यात. राहतं घर धरत नाहीत, पण पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट तुमच्या नावावर असेल तर तो धरतात, भारतात आहे म्हणून सूट नाही, कर्ज वजा जाता जे उरतं ते. एफडी तशीच. गावाकडची जमीन आजोबांच्या नावावर असेल तर ती आजोबांची, तुम्ही लिहू नका. स्वतःचा छोटा धंदा असणाऱ्यांना २०२६-२७ पासून दिलासा आहे, घरच्यांच्या मालकीचा आणि शंभरपर्यंत कर्मचारी असलेला बिझनेस मालमत्तेत धरायचा नाही. मधली दोन वर्षं तो धरत होते.

सगळं बरोबर भरलं पण परिस्थितीच बदलली

२०२४ मध्ये दोघांच्या नोकऱ्या होत्या, मग ले-ऑफ झाला, आता एका पगारावर किंवा नुसत्या साठवणीवर चाललंय. एच-वन वाल्यांना तर हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी लोक फॅफ्सामध्येच नवीन उत्पन्न घुसवायला जातात. ते करू नका, तिथे जुन्या वर्षाचंच राहू द्या. फॉर्म प्रोसेस झाला की कॉलेजच्या एड ऑफिसला सांगायचं की आम्हाला 'प्रोफेशनल जजमेंट' रिव्ह्यू हवाय, ले-ऑफचं पत्र, सेव्हरन्स किती मिळाला, शेवटची पे-स्टब, अनएम्प्लॉयमेंट चालू असेल तर त्याचा कागद. प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं, एकाने मानलं म्हणून दुसरं मानेल असं नाही, म्हणून जिथे जिथे ॲडमिशन मिळालीय तिथे सगळीकडे वेगवेगळं विचारा. मोठं आजारपण, भारतात आईवडिलांच्या हॉस्पिटलचा खर्च तुम्ही केलाय, तेही सांगून बघा, बिलं असतील तर. आणि हो, मुलाने बोलावं असं ऑफिसवाल्यांना आवडतं पण पैशाचं सगळं मुलाला माहीत नसतं, तेव्हा फोनवर मुलाला शेजारी बसवून पालकांनी बोललं तर जास्त पटापट होतं.

'आमचं उत्पन्न जास्त, आम्हाला काही मिळणार नाही, कशाला भरायचा' म्हणणाऱ्यांना एवढंच, पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, जी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे, ती नाही मिळणार कदाचित. पण मुलाच्या नावावरचं पहिल्या वर्षाचं ५,५०० डॉलरपर्यंतचं फेडरल लोन फॅफ्साशिवाय मिळत नाही, आणि कॉलेजचे स्वतःचे पैसे वाटताना बरीच कॉलेजं फॅफ्सा मागतात.

सीएसएस प्रोफाइल

खाजगी महागडी कॉलेजं फॅफ्साच्या जोडीला कॉलेज बोर्डाचा हा फॉर्म मागतात, आणि व्हिसावरच्या मुलांना किंवा थेट नाशिक-नागपूरहून अप्लाय करणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी हाच लागतो. इथे आयआरएसची थेट जोडणी नाही, सगळं हाताने, आणि कागद आयडॉक नावाच्या सर्व्हिसवर अपलोड करायचे. हा फॉर्म राहत्या घराची किंमतही विचारतो. भारतातले पालक आयटीआर आणि फॉर्म १६ देतात, नोकरी नसेल तर उत्पन्नाचं पत्र. रक्कम रुपयात भरायची की डॉलरमध्ये ते फॉर्मच्या सुरुवातीला चलन निवडताना ठरतं, तिथे रुपया निवडला असेल तर पुढे शेवटपर्यंत रुपयेच टाका, मध्येच एखादा आकडा डॉलरमध्ये टाकला की महिन्याला हजार रुपये कमावणारं कुटुंब तयार होतं आणि मग कॉलेजचा ईमेल येतो. फी पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६, अमेरिकेतल्या पहिली पदवी घेणाऱ्या मुलांना घरचं उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत असेल तर माफ. बाहेरच्या मुलांनी फी भरायच्या आधी कॉलेजला ईमेल करून फी माफीचा कोड मिळतो का ते विचारा, काही कॉलेजं देतात.

अजूनही अडलं असेल तर विचारताना एवढं लिहा: कुठल्या वर्षाचा फॉर्म, रिटर्नचं स्टेटस जॉइंट की वेगळं, दोन्ही पालकांकडे सोशल आहे का, आणि स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतंय. सोशल नंबर, रिटर्नचे फोटो, अकाउंटचा पासवर्ड कोणालाही पाठवू नका, मलाही नाही.